गवत मोजायला अगत्तीला

"दादा, तुला गवत मोजता येईल का?"

मावसबहिणीचा फोन आला तेव्हा मी बँकेत तिमाहीच्या ताळेबंदात बुडालो होतो. ती लक्षद्वीपच्या अगत्ती बेटावर समुद्री गवताचं संशोधन करते, एवढं आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. ते गवत कशाला, हे कुणी विचारत नाही. तिचा मदतनीस मुलगा काविळीने आडवा झाला होता. आठवडाभरासाठी तिला असा माणूस हवा होता ज्याला पोहता येतं, ज्याचे आकडे चुकत नाहीत आणि एकच काम दिवसभर करून जो कंटाळत नाही. यातल्या शेवटच्या दोन गोष्टींवर तर माझा एकवीस वर्षं पगार चालू आहे.

लक्षद्वीपला मनात आलं म्हणून जाता येत नाही. प्रवेश परवाना लागतो, त्यासाठी पोलिसांचा दाखला लागतो, बेटावरचा यजमान लागतो. महिनाभर ती कागदपत्रं जमवताना मी जरा वाचून घेतलं. एकूण ३६ बेटं, त्यांतली १० वस्तीची. सगळी जमीन मिळून ३२ चौरस किलोमीटर आणि लगून, म्हणजे प्रवाळाच्या कडेआतलं उथळ पाणी, मात्र ४,२०० चौरस किलोमीटर. म्हणजे इथला सातबारा मुळात पाण्याचाच.

पहिला दिवस

कोचीहून छोटं पंख्याचं विमान. दीड तासाने खाली निळ्यात एक हिरवी रेघ दिसली, रेघेच्या टोकाला धावपट्टी आणि धावपट्टीच्या दोन्ही बाजूंना समुद्र. शेजारच्या सीटवरचे अगत्तीचे आजोबा शांत झोपले होते. मी खुर्चीचा हात घट्ट धरून होतो.

उतरलो तर माझी बॅग आलीच नव्हती. विमानाला वजन जास्त झालं म्हणून काही सामान कोचीलाच ठेवलं होतं, ते "उद्या, नाहीतर परवा" येणार होतं. कपड्यांचं मला काही वाटलं नाही. पण त्याच बॅगेत बहिणीने मागवलेल्या मोजणीच्या चौकटी होत्या. ती एवढंच म्हणाली, "चल, पाइप घेऊ."

बेटावरच्या हार्डवेअरच्या दुकानात अर्ध्या इंची पीव्हीसी पाइप आणि एल्बो मिळाले. संध्याकाळी यजमानांच्या अंगणात बसून पन्नास सेंटिमीटरचे तुकडे कापले आणि चार चौकटी जोडल्या. बादलीत बुडवून पाहिल्या तर चारही टुणकन वर आल्या. पाइपमध्ये हवा! मग खिळा तापवून प्रत्येक बाजूला भोकं पाडली. आमचे नावाडी हे सगळं माडाला टेकून बघत होते. वयाने साठीचे, सगळे त्यांना इक्का म्हणतात. इक्का म्हणजे थोरला भाऊ, पूर्ण शब्द इक्काका. "आमच्याकडे काका म्हणजे वडिलांचा भाऊ," मी म्हटलं. ते म्हणाले, "मग तू मला काका म्हण, ही मला इक्का म्हणते. घरात नाती जमत नसतील तर मला सांगू नका." हे त्यांच्या हिंदीत, जी अर्धी मल्याळम आहे.

दुसरा दिवस

लगून बेटाच्या पश्चिमेला आहे. सकाळी भांगाची ओहोटी होती, पाणी कुठे कमरेएवढं, कुठे छातीएवढं. नितळ म्हणजे इतकं की होडीची सावली तळाच्या वाळूवर आपल्याबरोबर चालते.

पद्धत साधी. तळावर पन्नास मीटरची टेप अंथरायची, दर पाच मीटरला चौकट ठेवायची आणि आतली रोपटी मोजायची. पाती नव्हे, रोपटी. एका रोपट्याला तीन-चार पाती असतात, पण ती एकाच बुडख्यातून निघतात. नंतर दहा पात्यांची लांबी पट्टीने मोजायची आणि सगळं पाटीवर लिहायचं. ही पाटी प्लास्टिकची, तिला दोरीने पेन्सिल बांधलेली. पाण्याखाली शिसपेन्सिल छान उमटते. मी पहिलीनंतर इतक्या निष्ठेने पाटी-पेन्सिल वापरली नव्हती.

समुद्री गवत म्हणजे शेवाळ नाही, हे बहिणीने तीनदा सांगितलं. त्याला खरी मुळं असतात, जमिनीखालून आडवं खोड धावतं, त्याला फुलं येतात आणि परागण पाण्यातच होतं. जमिनीवरच्या वनस्पती कधीतरी समुद्रात परत गेल्या, त्यांचे हे वंशज. इथे मुख्यतः दोन जाती: रुंद फितीसारखा, सावकाश वाढणारा थॅलेशिया, आणि त्याहून बारीक, चटकन पसरणारा सिमोडोसिया. पहिल्या तासात मला दोन्ही सारखेच दिसत होते. दुपारपर्यंत ओळखू यायला लागले, पण ओळखण्यासारखं फारसं उरलेलंच नव्हतं. पाती सगळी दोन बोटं उंचीची, टोकं सरळ कापलेली, जणू कुणी आत्ताच कात्री फिरवून गेलंय. मधूनमधून नुसती वाळू. काही चौकटींत मी शून्य लिहिलं. शून्यसुद्धा लिहायचं, तो आकडाच असतो, हे मात्र मला कुणी शिकवायची गरज पडली नाही.

होडीत डबा खाताना इक्का म्हणाले, त्यांच्या लहानपणी इथे चालताना गवत पायात अडकायचं. जाळं ओढायला जड जायचं, पण वर आलं की त्यात भरपूर मासे असायचे. रात्री इत्तांनी, म्हणजे यजमानीणबाईंनी, माझ्या भाजलेल्या पोटऱ्यांना खोबरेल दिलं आणि उद्यापासून लेंगा घालून पोहायला सांगितलं. तो लेंगाही त्यांच्या मुलाचाच, कारण बॅग अजून कोचीलाच होती.

तिसरा दिवस

आज कासवं भेटली.

आधी वाटलं खडक आहे. मग खडकाने मान वर केली. हिरवं कासव, कवच जवळजवळ मीटरभर लांब, त्यावर शेवाळाचा थर. ते चरत होतं. दुसरा शब्दच नाही. मान डावीकडे, मग उजवीकडे, एक घास, मग पुढचे पंख हलवून एक पाऊल पुढे. जबड्याची कड करवतीसारखी दातेरी असते, म्हणून पातं उपटत नाही, कापलं जातं. तोंडाच्या कडेने कापलेल्या पात्यांचे तुकडे निसटून वर तरंगत होते आणि दोन पिवळे मासे त्या तुकड्यांतलं काहीतरी टिपत होते. मी चार हातांवर निश्चल तरंगत होतो. पाच-सहा मिनिटांनी ते वर आलं, फुस्स करून श्वास घेतला, माझ्याकडे पाहिलं न पाहिलं केलं आणि पुन्हा खाली जाऊन बरोब्बर त्याच जागी चरायला लागलं.

त्याच जागी चरण्यात कासवाचा हिशेब असतो. कापलेल्या जागी जी कोवळी पालवी येते ती जास्त पौष्टिक, म्हणून ते आपला तुकडा राखून ठेवल्यासारखं पुन्हापुन्हा चरतं. थोडी कासवं असली तर कुरणाला याचा त्रास होत नाही. पण अगत्तीच्या लगूनमध्ये या शतकाच्या सुरुवातीला कासवं फार वाढली. पूर्वी इथे त्यांची शिकार व्हायची, त्यांची चरबी कढवून होड्यांच्या लाकडाला चोपडायचे. वन्यजीव कायद्याने ते थांबलं. शिवाय त्यांना खाणारे मोठे शार्क कमी झाले, हेही एक कारण मानतात. सावकाश वाढणारा थॅलेशिया आधी हटला, त्याच्या जागी सिमोडोसिया आला, मग तोही विरळ झाला. इथलं कुरण संपत आल्यावर कासवांनी मुक्काम हलवला: दुसरं बेट, मग तिसरं. मयुरेश गांगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये ही सगळी साखळी बेटवार मांडली. गवत नाममात्र उरतं, पण माशांच्या पिल्लांचं पाळणाघर म्हणून त्याचा उपयोग संपतो. त्या निबंधात गांगल यांच्यासोबत नचिकेत केळकर, रुचा करकरे हेही. या समुद्राबद्दलचे शोधनिबंध वाचताना मधूनच लग्नपत्रिका वाचल्यासारखं वाटतं.

माझ्या बहिणीचे सहा पिंजरे या लगूनमध्ये आहेत. पिंजरा म्हणजे टेबलाएवढी जागा, चार कोपऱ्यांना लोखंडी सळया आणि वरून-बाजूंनी जाळी. मासे आत-बाहेर जातात, कासव जाऊ शकत नाही. वन खात्याची रीतसर परवानगी घेऊन लावलेले. चौथ्या पिंजऱ्यात डोकावलो आणि क्षणभर वाटलं, मी दुसऱ्याच समुद्रात आलो. आत गवत वीतभर उंच, दाट, लाटेबरोबर एकाच दिशेला झुकणारं. त्यात नखाएवढे मासे. एक पिटुकला खेकडा पात्याला धरून झोके घेत होता. जाळीच्या बाहेर, सहा इंचांवर, दोन बोटांची खुंटं.

दीड वर्ष जपलेला हा पिंजरा आज उघडायचा होता. कासवांना परत सोडल्यावर काय होतं, तोही प्रयोगाचा भाग. बहिणीने पक्कड घेऊन तारा तोडल्या, मी जाळी गुंडाळून होडीत टाकली. टाकताना जिवावर आलं, हे कबूल करतो. गावातलं राखलेलं कुरण आपल्याच हाताने ढोरांना मोकळं करावं तसं.

इक्कांना मात्र यात काही वावगं वाटलं नाही. त्यांची तक्रार वेगळीच. "कासव मारायचं नाही, ठीक. मी मारतही नाही. पण त्याने आमचं गवत खाल्लं, त्याची भरपाई? तुमच्याकडे डुकरांनी शेत खाल्लं तर सरकार देतं म्हणे."

"देतं," मी म्हटलं, "पण फाइल फिरते."

"निदान फाइल तरी आहे," इक्का म्हणाले. लगूनमधलं गवत कुणाच्या नावावर नाही, त्यामुळे त्याच्या नुकसानीचा पंचनामाही नाही. यावर बहीण काही बोलली नाही, आणि माझ्याकडेही उत्तर नव्हतं.

चौथा दिवस

शुक्रवार. होडी नाही. बॅग आली, तिच्यातल्या विकतच्या चौकटी आमच्यापेक्षा देखण्या होत्या आणि त्याही तरंगत होत्या.

दुपारी ओहोटीला पूर्वेच्या खडकाळ पट्ट्यावर फिरलो. डबक्यात वीतभर लांबीची काळी समुद्रकाकडी पडली होती. वाळू खायची, तिच्यातलं सेंद्रिय काढून घ्यायचं आणि स्वच्छ वाळू मागे सोडायची, एवढंच तिचं आयुष्य. मी उचलायला वाकलो तशी बहीण ओरडली. २००१ पासून ती कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंगतीत. पूर्वेकडच्या देशांत वाळवलेल्या समुद्रकाकडीला सोन्यासारखा भाव येतो, म्हणून तस्करी चालते. २०२० मध्ये चेरियापाणी या प्रवाळखडकाजवळ २३९ चौरस किलोमीटरचा खास तिच्यासाठी राखीव पट्टा झाला. काकडीसाठी अभयारण्य हे घरी सांगितलं तर कुणी विश्वास ठेवणार नाही.

रात्री गच्चीवर तिने बित्राची गोष्ट सांगितली. बित्रा हे सगळ्यांत लहान वस्तीचं बेट, २०११ च्या जनगणनेत २७१ माणसं. तिथे अमावास्येच्या सुमारास हेकरू (ग्रुपर) मासे अंडी घालायला एका ठिकाणी प्रचंड गर्दी करतात. रुचा करकरे यांच्या गटाला तिथे एक विचित्र गोष्ट दिसली. एरवी नर आपापली जागा राखून मादीची वाट पाहतो. इथे काही मोठे नर जागा सोडून माद्यांच्या घोळक्यातच फिरतात आणि लहान लहान माद्यांच्या मागे लागतात. अशी गर्दी इतरत्र बहुतेक ठिकाणी मासेमारीने केव्हाच विरळ झाल्यामुळे असलं वागणं कुणाच्या पाहण्यात येत नव्हतं. बित्राला ती टिकली, कारण तिथल्या लोकांना हेकरूत रस नव्हता. त्यांना कुप्पा, म्हणजे ट्युना, हवा असतो.

"का?" मी विचारलं.

"परवा इक्कांच्या भाच्याच्या होडीवर जा, म्हणजे कळेल," ती म्हणाली.

पाचवा दिवस

खडकाच्या बाहेरच्या कडेला गेलो. इथे लगून संपतं आणि तळ निळ्या अंधारात उतरतो.

पुस्तकातल्या चित्रांसारखं प्रवाळ बघायच्या तयारीने गेलो होतो. दिसली ती टेबलांसारखी मोठमोठी सपाट प्रवाळं, पण मेलेली. आकार शाबूत, वर करड्या शेवाळाची लव, काही मधून मोडून उतारावर घरंगळलेली. पाणी फार तापलं की प्रवाळ आपल्या शरीरातलं सूक्ष्म शैवाल बाहेर टाकतं. रंग त्या शैवालाचा आणि बहुतेक अन्नही त्याचंच. मग पांढरं पडतं, आणि पाणी लवकर निवलं नाही तर उपाशी मरतं. इथे हे १९९८ ला झालं, २०१० ला झालं, २०१६ ला, आणि पुन्हा २०२४ च्या उन्हाळ्यात. अगत्ती, कदमत आणि कवरत्ती या तीन बेटांची मोजणी १९९८ पासून चालू आहे, आणि चोवीस वर्षांत जिवंत प्रवाळ जवळजवळ निम्म्यावर आलं. हे २०२४ च्या आधीचं.

पण नुसतं स्मशान नव्हतं. पोरायटीस नावाच्या प्रवाळाचे गोल धोंडे, बैलगाडीएवढे, जिवंत होते. आणि मेलेल्या एका टेबलाच्या कडेला बहिणीने बोटाने खूण केली: रुपयाच्या नाण्याएवढा फिकट जांभळा ठिपका. नवं प्रवाळ. पुढे तसे आणखी नऊ मोजले. नऊ पोपटमासेही त्याच खडकावर कुरकुर आवाज करत शेवाळ खरवडत होते. खडक कुरतडतात, पचवतात आणि मागून पांढऱ्या वाळूचा ढग सोडतात. ज्या किनाऱ्यावर पर्यटक फोटो काढतात, त्यातली कितीतरी वाळू अशी त्यांच्या पोटातून गेलेली असते.

परतताना लाट कडेवर फुटत होती, आणि पाचशे मीटर आत इत्तांच्या परसातलं पाणी ढिम्म होतं. अख्खं बेट समुद्रसपाटीपासून दोन-चार मीटर उंच. ही कड झिजली तर लाट तिथवर जाईल, एवढं समजायला संशोधक व्हावं लागत नाही.

सहावा दिवस

पहाटे साडेचारला इक्कांच्या भाच्याच्या होडीवर. आठ जण आणि मी नववा, बिनकामाचा.

आधी लगूनमध्येच जाळं टाकून होंदेली पकडली. बोटाएवढा चंदेरी मासा, हे आमिष, आणि ते जिवंतच लागतं. होडीच्या पोटात हौद असतो, त्याच्या तळाला भोकं, त्यांतून समुद्राचं पाणी खेळतं राहतं. मग बाहेर. दोन तास कुणी काही बोललं नाही, सगळे आकाशाकडे बघत होते. मला वाटलं ढग बघतायत. ते पक्षी बघत होते. कवरत्तीच्या वायव्येला पित्ती नावाचं निर्मनुष्य पक्षी-अभयारण्य आहे. सुरय आणि नॉडी तिथे घरटी करतात, आणि जिथे ते घिरट्या घालून सूर मारतात तिथे खाली कुप्पा असतो. बेटावरच्या पक्ष्यांना का जपायचं, हे या आठ जणांना कुणी फलक लावून सांगावं लागत नाही.

पक्षी दिसले आणि होडीत एकदम धांदल. एकाने मूठमूठ जिवंत होंदेली पाण्यात भिरकावली. दुसऱ्याने पंप सुरू केला, पाण्यावर तुषार पडले की खालून तो लहान माशांचा थवाच भासतो. बाकीचे मागच्या फळीवर ओळीने उभे, हातात लांब बांबू, गळाला उलटा काटा नाही. मासा लागला की एक झटका, तो डोक्यावरून होडीत, हवेतच गळ सुटतो आणि बांबू परत पाण्यात. दर झटक्याला एक. मला दहा मिनिटं वाटली, घड्याळात चारच झाली होती. मग मासे जसे आले तसे गेले. मी एका कोपऱ्यात पोटातलं सगळं समुद्राला देऊन, अंगावर रक्ताचे आणि खवल्यांचे शिंतोडे घेऊन बसलो होतो. कासव नाही, शार्क नाही, प्रवाळाला धक्का नाही, नुसता कुप्पा. मिनिकॉयची ही जुनी पद्धत साठच्या दशकात मत्स्य विभागाने बाकीच्या बेटांवर नेली, आणि खडकावरचे मासे त्यामुळेच इतकी वर्षं सुटले.

दुपारी इक्कांच्या अंगणात त्यातलाच कुप्पा उकडून, धुरावून 'मास' करायला ठेवला. वाळल्यावर लाकडासारखा टणक होतो. मास नावाचा मासा, माझ्या कोट्या कुणाला समजत नव्हत्या. भाचा मात्र गंभीर होता. म्हणाला, आताशा होंदेलीसाठीच अर्धी सकाळ जाते. लगूनमध्ये पूर्वी कुठेही जाळं टाकलं की मिळायची. मी बहिणीकडे पाहिलं. ती म्हणाली, "एका कारणावर बोट नको ठेवूस, दादा. प्रवाळ मेलं, गवत गेलं, होड्याही वाढल्या."

सातवा दिवस

वारा. पाणी दुधाळ. दिवसभर पाट्यांवरचे आकडे लॅपटॉपवर चढवले. २१४ चौकटींत एकीचा आकडा लागेना. शेवटी तो माझाच सात निघाला, जो एकासारखा दिसत होता.

आठवा दिवस

विमान साडेअकराला. साडेसहाला इक्का होडी घेऊन हजर, म्हणाले, "तुझा पिंजरा बघून जा." तो माझा कधी झाला, माहीत नाही.

चार कोपऱ्यांच्या सळया अजून उभ्या होत्या, म्हणून जागा सापडली. चौकोनाचा अर्धा भाग, लगूनकडचा, साफ कापलेला. दोन बोटं. टोकं सरळ. उरलेला अर्धा तसाच वीतभर, झुलणारा. कापलेल्या बाजूला वाळूवर पंखांनी ओढलेल्या दोन रेघा होत्या. खेकडा दिसला नाही. नखाएवढे मासे उरलेल्या अर्ध्यात दाटीवाटीने होते.

बहिणीने मास्क वर केला. चेहऱ्यावर चिडही नव्हती, आनंदही नव्हता. दीड वर्ष ज्याची वाट पाहिली ते पाच रात्रींत झालं होतं आणि तिला त्याची नोंद हवी होती.

"मोज, दादा," ती म्हणाली. "वीस मिनिटं आहेत. आधी कापलेली."